ट्रंपेट येऊ द्या: ड्रम कोअरच्या शो-डिझाइन मंडळींना खुलं पत्र

प्रति,
ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सर्व कोअरचे म्युझिक अरेंजर, ड्रिल लिहिणारे, कॉस्च्युम आणि प्रॉप ठरवणारे, आणि या सगळ्यांची मोट बांधणारे प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टमधली इंडियानापोलिसची फायनल होऊन दोन महिने झाले. ट्रक धुवून झाले, पोचे आलेली वाद्यं दुरुस्तीला गेली, आणि तुमच्या बैठका सुरू झाल्या असतील. पुढच्या उन्हाळ्यात कोणतं संगीत घ्यायचं, कोणते रंग वापरायचे, मैदानावर काय काय उभं करायचं हे आत्ताच ठरतं. नोव्हेंबर-डिसेंबरचे ऑडिशन कॅम्प लागले की गाडी रुळावरून धावायला लागते आणि मग कोणाचं काही ऐकायला तुम्हाला सवड नसते. म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी तीन उन्हाळे एका कोअरच्या स्वयंपाकाच्या ट्रकवर आणि शिवणकामाच्या टेबलावर काढले. कोअरचं नाव देत नाही, कारण जे लिहिणार आहे ते एका कोअरपुरतं नाही. माझी लेक तिथे मेलोफोन, म्हणजे ट्रंपेटच्या नात्यातलं एक पितळी वाद्य, वाजवायची. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या विषयावर माझा विचार मराठीतच चालतो. लेक त्याचं इंग्रजी करून तुम्हाला पाठवणार आहे. शिवाय अमेरिकेत आता कितीतरी मराठी घरांतली मुलं शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये आहेत. त्यातली काही उद्या तुमच्या दाराशी येतील, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनीही हे वाचावं.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रम कोअर म्हणजे दीडशेच्या वर तरुण मुलं, हातात ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, आणि तालवाद्यं, मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा-व्हायब्राफोनवाल्यांचं पिट, सोबत झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी फिरवणारं कलर गार्ड. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच शो. तो मे महिन्यात बसवायचा आणि जून-जुलैभर गावोगाव स्पर्धा करत फिरायचं. रात्री बसमध्ये झोपायचं आणि पहाटे कुठल्याशा शाळेच्या जिमच्या फरशीवर उरलेली झोप पुरी करायची. घरचे हजारो डॉलर यात जातात. एकविसावं वर्ष सरलं की मुलांची पाळी संपते. याला इथे 'एज-आउट' म्हणतात. ज्यांनी पुण्यात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला नदीपात्रात महिना महिना घालवला आहे, त्यांना हे वेड समजावून सांगायला नको. मी स्वतः नव्वदच्या दशकात पथकात ध्वज धरला आहे. पहिल्याच दिवशी कलर गार्डच्या एका मुलीने झेंड्याची काठी वर फेकून, मान न वळवता झेलली, तेव्हा स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये उभ्या उभ्या माझं मनगट आपोआप वळलं.

आता जे मनात आहे ते सांगते.

गेल्या उन्हाळ्याच्या आमच्या शोमध्ये, अगदी मधोमध, एक चाल होती. चोवीस बारांची, म्हणजे मात्रांच्या चोवीस गटांची. मेलोफोननी सुरू करायची, आठ बारांनंतर बॅरिटोननी ती खालून उचलायची, आणि शेवटच्या चार बारांत सगळ्या ट्रंपेटनी वरून येऊन मिळायचं. मे महिन्यात सरावाचं मैदान आणि आमचा ट्रक यांत शंभर पावलांचं अंतर असेल. सकाळच्या अंड्यांपासून रात्रीच्या खाण्यापर्यंत, चारी जेवणांच्या मध्ये, ती चाल कानावर पडायची. सुरुवातीला तुटक, चुकत, परत पहिल्यापासून. हळूहळू सरळ. आठवड्याभरात ती आमच्याही तोंडी बसली. मोठी पातेली घासताना आम्ही तीन-चार आया ती गुणगुणायचो: एक टेक्ससची, एक ओहायोची, आणि मी सदाशिव पेठेतली. चौथीला गाता येत नाही म्हणून ती झाऱ्याने ठेका धरायची.

जूनमध्ये चोवीसचे सोळा बार झाले. मैदानावर चार मोठ्या चौकटी होत्या, त्या ढकलत दुसऱ्या बाजूला न्यायला मुलांना वेळ पुरत नव्हता. जुलैच्या मध्यावर एका रात्री उशिरापर्यंत डिझाइनची बैठक चालली आणि सकाळी मुलांच्या हातात नवी पानं आली. सोळाचे चार बार. मेलोफोननी सुरुवात करायची, चौथ्या बाराला स्पीकरमधून एक मोठा स्फोट, चौकटी उलटायच्या, मागच्या बाजूला रंगवलेलं चित्र प्रेक्षकांसमोर यायचं आणि शो पुढच्या भागात पळायचा. त्या आठवड्यात आमचे गुण वाढले. हे मी लपवत नाही.

त्या रात्री माझी लेक जेवणाच्या रांगेत ताट घेऊन माझ्यासमोर आली. उन्हाने नाक सोललेलं, ओठ वाजवून वाजवून सुजलेले. म्हणाली, "आई, आता ट्रंपेट येतच नाहीत."

एवढंच. पुढे काही बोलली नाही. पण त्या वाक्यात माझी सगळी तक्रार आहे.

आमच्या संगीतात सम नावाची एक जागा आहे. तालाचं चक्र फिरत राहतं, गाणारा त्या चक्रात पाहिजे तेवढा हिंडतो, आणि ऐकणारे मांडीवर बोटं टेकवत त्याच्याबरोबर चालत असतात. तो परत येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, कसा येणार हे कोणालाच ठाऊक नसतं. सम आली की माना हलतात आणि तोंडातून 'वा' निघून जातो. त्या 'वा'चं अर्धं श्रेय गाणाऱ्याचं आणि अर्धं ऐकणाऱ्याने पाहिलेल्या वाटेचं. ज्याला चक्र ऐकवलेलंच नाही, त्याच्यासाठी सम म्हणजे तबल्यावरचा एक जोरदार ठोका. तुमच्या हल्लीच्या पुष्कळ शोंमध्ये असे ठोके मिनिटामिनिटाला असतात. कान दिपतात. पण मी वाट कशाची पाहायची होती, हे मला कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे तुम्ही म्हणाल की आणखी एक जण 'ओळखीची गाणी वाजवा' म्हणत आला. जुने रसिक ती मागणी करतात हे मला माहीत आहे. माझी ती मागणी नाही, आणि असूच शकत नाही. मी इथे वाढले नाही. त्यांची ओळखीची गाणी माझ्या ओळखीची नव्हतीच. विस्कॉन्सिनच्या मॅडिसन स्काउट्सनी १९८८ साली जेतेपद मिळवताना वाजवलेलं 'मालागेन्या' मी कित्येक वर्षांनी, स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवर, कांदा चिरता चिरता पहिल्यांदा ऐकलं. त्या सुरांशी माझी कोणतीही आठवण जोडलेली नाही. तरी शेवट येईपर्यंत सुरी हातात तशीच राहिली होती. कारण त्यांनी मला ती चाल त्या शोमध्येच शिकवली. आधी नुसती दाखवली, मग फिरवली, लांबवली, आणि मी तिच्यासाठी आसुसले तेव्हा सगळा ताफा माझ्यावर सोडला. ओळख बाहेरून आणावी लागत नाही. दहा मिनिटांतही करून देता येते. करून द्यायला हवी एवढंच.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण साउथ कॅरोलायनातल्या कॅरोलायना क्राउनचं आहे. २०१३ साली त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणावर शो केला आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवलं. त्यात फिलिप ग्लास यांच्या 'आइन्स्टाइन ऑन द बीच' या ऑपेराचं संगीत होतं. ज्याला गुणगुणायची चाल म्हणतात तशी त्यात फारशी नाही. छोटे छोटे सूरसमूह परत परत येतात, त्यात एखादी मात्रा वाढते, एखादी गळते, आणि ऐकणारा त्या फिरण्यात गुंतत जातो. मुलं ते भन्नाट वेगाने वाजवत मैदानभर धावत होती. मला तो शो पाहताना सारखं वाटत होतं की हे मी कुठेतरी ऐकलं आहे. नंतर वाचनात आलं की साठच्या दशकात पॅरिसमध्ये तरुण ग्लासना पंडित रविशंकरांचं एका चित्रपटासाठीचं संगीत पाश्चात्त्य लिपीत उतरवून द्यायचं काम मिळालं होतं. सोबत तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. बारच्या रेघा मारून ते संगीत कागदावर बसेना, आणि ते बसवता बसवता ग्लासना तालाचं चक्र उमगलं. तेच त्यांच्या पुढच्या संगीताचा पाया झालं. म्हणजे आपलं आवर्तन असं फिरत फिरत अमेरिकेच्या फुटबॉल मैदानावर पोचलं, साउथ कॅरोलायनाच्या पोरांच्या ओठांवर. त्या रात्री मी लेकीला हे सांगितलं तेव्हा ती उठून बसली होती.

तेव्हा नवं, अनोळखी, अवघड संगीत घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त त्याला त्याचं चक्र पूर्ण करू द्या.

नव्याला नावं ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं हेही मी पाहिलं आहे. १९९३ साली स्टार ऑफ इंडियाना या कोअरने बार्बर आणि बार्टोक या संगीतकारांचं संगीत घेऊन जो शो केला, त्यावर काही ठिकाणी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. फार कोरडा आहे, फार अमूर्त आहे, म्हणाले. एक दशांश गुणाने त्यांचं जेतेपद गेलं, ९७.४ ला ९७.३. ते कोअर त्यानंतर स्पर्धेत परत उतरलंच नाही. त्याच मंडळींनी पुढे रंगमंचावर 'ब्लास्ट' नावाचा खेळ उभा केला आणि २००१ साली त्याला टोनी पुरस्कार मिळाला. आज तुमच्यातले कित्येक जण त्या १९९३च्या शोला गुरू मानतात, आणि बरोबर मानतात. पण तो शो परत पाहा. तुम्ही त्यातून काय घेतलंत आणि काय सोडलंत ते पाहा. त्यातली शांतता केवढी लांब आहे! एकेका वळणाला ते किती वेळ देतात, सूर किती हळू साठू देतात. तुम्ही त्यांची अंगविक्षेपांची भाषा घेतलीत, अमूर्तता घेतलीत. ती सबुरी मात्र तिथेच राहिली.

आता डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल.

माझ्या लेकीच्या गळ्यात एक छोटी वही लटकलेली असायची. शोमधल्या प्रत्येक आकृतीत आपण नेमकं कुठे उभं राहायचं ते तीत लिहिलेलं. तिच्या अक्षरात असं असायचं: 'बाजू एक, ३५च्या रेषेबाहेर चार पावलं, पुढच्या हॅशमागे सहा.' या जागेला तुम्ही 'डॉट' म्हणता. मुलं एकमेकांना ओरडून विचारतात, "तुझा डॉट काय?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडे यालाच ठिपका म्हणतात. माझी आजी अंगणात सारवलेल्या जमिनीवर ठिपक्यांचा कागद ठेवून वरून रांगोळी पसरायची आणि कागद उचलायची. नुसते पांढरे ठिपके दिसायचे. मग ती एकाला दुसरा जोडत जायची आणि आम्ही पोरं उकिडवं बसून ओळखायचा खेळ खेळायचो: कमळ होणार, कासव होणार, नाही गं, मोर होणार. मजा पूर्ण झालेल्या मोरात होती तितकीच, किंवा थोडी जास्तच, त्या मधल्या क्षणी होती, जेव्हा रेषा कुठे जाणार ते अचानक दिसतं.

ड्रिलची, म्हणजे मैदानावर चालत आकृत्या करण्याची, सगळी जादू माझ्या मते याच क्षणात आहे. पाच यार्डांत आठ पावलं, एक पाऊल साडेबावीस इंचांचं, कंबरेवरचं शरीर प्रेक्षकांकडे आणि पाय भलतीकडेच निघालेले. दीडशे मुलं गोंधळात पळताना दिसतात आणि चौथ्या मात्रेला तो गोंधळ वर्तुळ होऊन थांबतो. जुन्या काळी हे सगळं मैदानाच्या मधोमधच्या, पन्नासच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं असायचं. १९८३मध्ये गारफील्ड कॅडेट्ससाठी जॉर्ज झिंगाली यांनी तो आरसा फोडला आणि एका अंगाने वाहत जाणाऱ्या आकृत्या आणल्या. लोक चक्रावले, पण पाहत राहिले, कारण रेषा वाचता येत होती. २००२च्या कॅव्हेलियर्सचं तर सगळं संगीतही स्वतःचं, नवं लिहिलेलं होतं. कोणालाच ते आधी माहीत नव्हतं. तरी ९९.१५ गुण मिळाले आणि आजही लोक तो शो काढून बघतात, कारण तिथे सूर आणि ठिपके एकाच वेळी एकाच दिशेला जुळत जातात. कान जे सांगतो तेच डोळा सांगतो.

हल्ली मात्र निम्मा वेळ मुलं प्रॉपवर, म्हणजे मैदानावर आणून मांडलेल्या सामानावर, चढलेली असतात, प्रॉपच्या मागे असतात, नाहीतर प्रॉप ढकलत असतात. उरलेला वेळ मैदानभर विखरून जमिनीवर लोळण, हात वर, मान मागे, परत लोळण. शरीराचा अभिनय वाईट आहे असं मी म्हणत नाही. मुलं त्यात जीव ओततात, गुडघे फोडून घेतात. त्या गुडघ्यांना मी पट्ट्या लावल्या आहेत. पण रांगोळीचा कागद आठ मिनिटांत चाळीस वेळा उचलायचा आणि एकदाही ठिपके जोडायचे नाहीत, असं होतं. वर बसलेला माणूस काय ओळखणार?

प्रॉपचंही तसंच. प्रॉप नकोतच असं नाही. ओहायोतल्या कॅन्टनच्या ब्लूकोट्सनी २०१६ साली मैदानावर मोठमोठे पांढरे उतार आणले होते आणि मुलं वाजवता वाजवता त्यांवरून घसरत येत होती. त्या उतारांमुळे मुलांच्या शरीराला असं काहीतरी करता आलं, जे सपाट गवतावर कधीच करता आलं नसतं. म्हणून ते उतार शोचे होते. आमच्या चार चौकटी कशाच्या होत्या? त्यांच्यासाठी वेगळा ट्रेलर लागला. तो भरायला आणि रिकामा करायला मुलांची झोप गेली. त्यांच्या चाकांना वंगण द्यायला दोन निवृत्त बाबा रोज दुपारी उन्हात बसत. आणि एवढं करून त्या एका स्फोटानंतर फक्त उलटत होत्या. सँटा क्लारा व्हॅन्गार्डसारख्या थोर कोअरला २०२३चा उन्हाळा पैशांच्या अडचणीमुळे घरी बसून काढावा लागला. प्रॉपमुळे तसं झालं असं मी अजिबात म्हणत नाही. पण पैसा या जगात किती ओढाताणीचा आहे हे आपण सगळेच जाणतो, आणि प्रत्येक चौकटीची किंमत शेवटी कोणाच्या तरी घरून येते.

स्पीकरबद्दल फार लिहीत नाही, तो वाद २००४ साली मायक्रोफोन आले तेव्हापासून चालू आहे आणि २००९मध्ये सिंथेसायझर आल्यावर तो मिटण्याची आशा संपली. एकच सांगते. ब्लूकोट्सनीच २०१४ साली ब्रास आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून एक अख्खा स्वर वाकवून दाखवला होता. सगळं मैदान मींड घेतंय असं वाटलं होतं. ते यंत्राशिवाय होणारच नव्हतं. तिथे यंत्राला काम होतं. सत्तर-ऐंशी मुलं फुप्फुसं फुटेस्तोवर वाजवत असताना त्यांच्या खाली सिंथेसायझरचा जाड थर पसरून ठेवणं, हे कसलं काम? माझ्या लेकीचा सूर त्या थराखाली मला कधी ऐकू आला नाही, आणि मी तो हजारात ओळखते.

तसंच ते बोलणं. संगीताच्या मध्येच कोणीतरी धीरगंभीर आवाजात शोचा अर्थ सांगत असतं. काळ, स्वप्न, मुक्ती. आमच्या कीर्तनातही निरूपण असतं, भरपूर असतं. पण बुवा बोलणं संपवून चरणाशी येतात तेव्हा टाळकरी तो चरण पुन्हा पुन्हा घोळवतात, अगदी पोट भरेपर्यंत. तुम्ही निरूपण ठेवता आणि चरण कापता.

कपड्यांबद्दल मला थोडं अधिकाराने बोलता येईल, कारण तो सगळा संसार माझ्या टेबलावर होता. आधीच सांगते, जुने लोकरी डगले परत आणा असं मी कधीही म्हणणार नाही. सॅन अँटोनियोच्या जुलैमध्ये ज्यांनी ते घातले असतील त्यांना दंडवत. आताचं ताणणारं, छापील कापड हलकं आहे, घाम वाळतो, मुलांना वाकता-धावता येतं. शिवायला मात्र ते कठीण. सुई चुकली की भोक राहतं, आणि पाठीची चेन रोज दोनदा ओढली की पंधरा दिवसांत शिवण सुटते. रात्री अकरा वाजता शाळेच्या कॅफेटेरियात आम्ही चेनी उसवत बसायचो. एकदा तर फायनलच्या तीन आठवडे आधी निरोप आला की उजव्या बाहीचा रंग दुरून उठत नाही, तिच्यावर नवा पट्टा लावा. शंभरच्या वर बाह्या. दोन रात्री लागल्या. पट्टा नारिंगी होता, छान दिसला, मी नाही म्हणत नाही.

पण तो पट्टा लावताना माझ्या मनात आलं की हे कपडे या कोअरचे आहेत हे कशावरून ओळखायचं? कोअरचा रंग त्यात नव्हता. खूण नव्हती. पुढच्या वर्षी हे सगळं खोक्यांत जाणार आणि भलतंच काहीतरी येणार. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावचे ट्रूपर्स घोडदळाच्या निळ्या वेशात बोगद्यातून बाहेर यायचे तेव्हा पहिला सूर वाजण्याआधी लोक उभे राहायचे. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पथक वळणावर असतानाच नुसत्या फेट्याच्या रंगावरून लोक सांगतात कोणतं पथक आलं. त्या ओळखीत आधीच्या सगळ्या वर्षांची मुलं असतात. आमच्या ट्रकवर एक आजी यायच्या. सत्तरच्या दशकात त्यांनी याच कोअरमध्ये झेंडा धरला होता. त्या नव्या कपड्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या, एक बाही हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, "यात आमचं काय आहे?" मी काय सांगणार? मग मी आमच्या जुन्या रंगाचा चिंधीएवढा तुकडा शोधला आणि प्रत्येक पोशाखात गळ्याच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा, एक टाका घालून लावला. मुलांना ते कळल्यावर शोच्या आधी ती गळ्याशी बोट लावायला लागली. हे कोणी ठरवलं नव्हतं.

तुमच्या बाजूने विचार करते तेव्हा एक गोष्ट मला दिसते. शंभरातले चाळीस गुण 'जनरल इफेक्ट'चे, म्हणजे शोच्या एकूण परिणामाचे आहेत. परीक्षक शो पाहता पाहता बोलत असतात, त्यांना सतत काहीतरी नोंदवावं लागतं. प्रत्येक आठ मात्रांनी काहीतरी घडलं नाही तर आपण मागे पडू, ही धास्ती तुम्हाला वाटत असणार. २००८मध्ये फँटम रेजिमेंट ०.०२५ गुणांनी जिंकलं, ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. असल्या केसभर फरकाच्या खेळात कोण जोखीम घेईल? पण तोच २००८चा शो आठवा. रोममध्ये गुलामांचं बंड उभारणाऱ्या स्पार्टाकसची गोष्ट. लोकांना काय आठवतं? सगळं स्टेडियम त्या गुलामांच्या बाजूने ओरडत होतं, कारण दहा मिनिटं त्यांनी एकाच गोष्टीची वाट पाहिली होती. परिणाम म्हणतात तो तिथे झाला. परीक्षकांनाही मी हेच सांगेन, हे पत्र त्यांच्याही हाती पडेल तर: रिकामी जागा दिसली की तिथे काही घडलं नाही असं समजू नका. कदाचित तिथे साठत असेल.

माझं मागणं छोटं आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या शोमध्ये एक चाल अशी ठेवा जी पूर्ण होते. एकच. ती चालू असताना मैदान मोकळं ठेवा, की ठिपके जोडलेले वरच्या शेवटच्या रांगेतूनही दिसतील. तिच्यावर बोलू नका. आणि जुलैमध्ये, गुण अडकले आणि बैठक रात्री एकपर्यंत चालली, की कापायला दुसरं काहीतरी शोधा. पोशाखावर कोअरचा एक रंग बाहेरून दिसेल असा ठेवा. तेवढं झालं तर मी आतून लावायचं सोडून देईन.

माझी लेक एज-आउट झाली. फायनलनंतर मैदानावर तिने मेलोफोन परत केला, रडली, आणि घरी येऊन दोन दिवस झोपली. परवा जिन्यावरून धुतलेल्या कपड्यांची टोपली आणताना ती चाल गुणगुणत होती. मी खाली होते. ती मेलोफोनची ओळ संपवून थांबली, सवयीनेच, जिथे स्फोट व्हायचा तिथे. मग मी ट्रंपेटची ओळ घेतली. ती पायरीवर बसली आणि आम्ही शेवटचे चार बार दोघींनी मिळून म्हटले.

नोव्हेंबरच्या कॅम्पला मी परत ट्रकवर असणार आहे. ओहायोची बाईही येते आहे, टेक्ससवालीचं विमानाचं तिकीट झालं आहे. तुमच्यापैकी कोणी नवी पानं घेऊन मैदानाकडे निघालात तर सकाळी सातच्या आत आमच्या खिडकीशी थांबा. चहा तयार असेल. आणि ती चाल आम्हाला अजून पाठ आहे, चोवीसच्या चोवीस बार. म्हणून दाखवू.

आपली,
एका मेलोफोनवालीची आई